केळीच्या खोडातील ऊर्जेविषयी अक्षय ऊर्जा धोरण आखणाऱ्यांना खुले पत्र

अक्षय ऊर्जेची धोरणे आखणारे अधिकारी, तसेच केळी उत्पादकांच्या संघटनांचे पदाधिकारी यांस,

सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

मी केळी पिकवणारा शेतकरी आहे आणि गेली बारा वर्षे बागेतील खोडांची कुट्टी घरच्या बायोगॅसच्या टाकीत घालत आलो आहे. केळीच्या टाकाऊ भागांपासून ऊर्जा मिळवण्याचे प्रस्ताव तुमच्यापुढे येतात, तेव्हा त्यांतील आकडे कसे मांडले जातात हे मी जवळून पाहिले आहे. त्या मांडणीत मुळातच एक चूक राहून जाते, म्हणून हे पत्र जाहीरपणे लिहीत आहे. खोडांचे ओले वजन घेतले जाते, त्याला वाळलेल्या काडीकचऱ्याचा उष्मांक लावला जातो आणि कागदावर एक मोठे वीजकेंद्र उभे राहते. प्रत्यक्षात ते चालत नाही, आणि मग केळीच्या खोडात काही दम नाही असे म्हणून विषय कायमचा बासनात गुंडाळला जातो. खोडात दम आहे. मात्र तो बाहेर काढण्याची वाट भट्टीतून जात नाही, टाकीतून जाते.

ज्यांनी केळीची बाग आतून पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडे विस्ताराने सांगतो. केळ हे झाड नव्हे. आपण ज्याला खोड किंवा खांब म्हणतो ती एकमेकांभोवती घट्ट लपेटलेल्या सोपटांची, म्हणजे पानांच्या तळाच्या आवरणांची, गुंडाळी असते. खरे खोड जमिनीत कंदाच्या रूपाने असते. एक खांब आयुष्यात एकदाच निसवतो, एकच घड देतो, आणि घड कापला की त्याचे काम संपते. बाजूच्या पिलाला जागा मोकळी व्हावी म्हणून तो कापावाच लागतो. त्यामुळे या पिकात टाकाऊ भाग हा अपघाताने उरणारा नसून दर हंगामाला हमखास निर्माण होणारा आहे. जगातील १३० हून अधिक देशांत केळी पिकते आणि वर्षाला १० कोटी टनांहून अधिक फळ निघते. एक टन फळामागे खोड, पाने, घडाचा दांडा आणि नाकारलेली फळे मिळून तीन ते चार टन ओला माल मागे राहतो. चांगल्या बागेत नुसत्या खोडांचेच वजन हेक्टरी ६० टनांच्या घरात जाते. हा माल आज बांधावर, रस्त्याच्या कडेला किंवा ओढ्यात जाऊन पडतो आणि महिनोन्महिने सडत राहतो.

आता त्या ६० टनांत आहे काय, ते पाहू. नुकत्याच कापलेल्या खोडाचे टोक हाताने दाबले तर पाणी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळते आणि शर्टाला लागलेला चीक कितीही धुतला तरी तपकिरी डाग मागे ठेवतो. खोडाच्या वजनात ९० ते ९५ टक्के पाणी असते. १०० किलो खोड घेतले आणि त्यात ९३ किलो पाणी धरले, तर कोरडा भाग फक्त ७ किलो उरतो. हा कोरडा भाग पूर्ण जाळला तर किलोमागे सुमारे १५ मेगाज्यूल, म्हणजे एकूण १०५ मेगाज्यूल उष्णता मिळेल. पण त्याआधी ९३ किलो पाण्याची वाफ करावी लागेल आणि त्यासाठी किलोमागे अंदाजे २.६ मेगाज्यूल, म्हणजे २४० मेगाज्यूल उष्णता खर्ची पडेल. जेवढे मिळणार त्याच्या दुपटीहून अधिक आधीच द्यायचे, असा हा व्यवहार आहे. कितीही उत्तम बॉयलर आणला, कितीही कुशल अभियंता नेमला, तरी हे गणित बदलत नाही, कारण ते यंत्राचे गणितच नाही, पाण्याचे आहे.

यावर खोडे उन्हात वाळवू, असे उत्तर दिले जाते. अख्खे खोड उन्हात वाळत नाही. बाहेरची दोन सोपटे कागदासारखी होतात आणि आतला गाभा त्यांच्या आड काळा पडून कुजतो. खोडे चरकातून पिळून घेऊ, असेही सुचवले जाते. पिळल्यावर पाणी पुष्कळ निघते हे खरे, पण मागे राहिलेल्या चोथ्यातही निम्म्याहून अधिक पाणीच असते, आणि निघालेल्या पाण्याबरोबर विरघळलेली साखर व क्षार वाहून जातात, ते वेगळेच. काही वर्षांपूर्वी मी असा एक प्रकल्प पाहिला होता. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या तीस-चाळीस किलोमीटरवरून खोडे भरून आणत होत्या आणि एका मोठ्या ड्रममध्ये डिझेलवर ती वाळवली जात होती. दर टन मालामागे नऊशे लिटरहून अधिक पाणी रस्त्याने वाहून आणायचे आणि मग डिझेल जाळून ते हवेत सोडायचे, असा तो उद्योग होता. ज्यांनी तो उभारला त्यांची नियत चांगली होती. आराखडा करताना ओलाव्याचा रकाना कोणीच भरला नव्हता, एवढेच. ड्रम बंद पडल्यावर आवारात राहिलेल्या ढिगाऱ्याचा वास पुढे कित्येक आठवडे वाऱ्याबरोबर शेजारच्या वस्तीत जात होता, आणि त्या वस्तीतील लोकांना आजही केळीच्या ऊर्जेविषयी बोललेले आवडत नाही.

जाळण्याच्या विरोधात आणखी एक कारण आहे आणि ते शेतकऱ्याच्या दृष्टीने अधिक मोलाचे आहे. केळ हे पालाश, म्हणजे पोटॅशियम, भरपूर खाणारे पीक आहे, आणि त्या पालाशाचा मोठा हिस्सा फळात न जाता खोडात आणि पानांत राहतो. खोडाच्या राखेत पोटॅशियमचे क्षार इतके असतात की भट्टीत ती राख लवकर मऊ पडते, तिचे चिकट थर बॉयलरच्या नळ्यांवर बसतात आणि नळ्या वरचेवर खरवडाव्या लागतात. ज्या द्रव्याची जमिनीला गरज आहे तेच यंत्राला नकोसे होते. अशी राख वीजकेंद्राच्या आवारात साठवायची आणि बागेसाठी पालाशयुक्त खताची पोती विकत आणायची, यात कोणते शहाणपण आहे, ते मला कोणी समजावून सांगावे.

टाकीतून जाणारी वाट नवी नाही. इटलीतील मॅजोरे सरोवराच्या काठी दलदलीतून वर येणारे बुडबुडे १७७६ साली अलेस्सांद्रो व्होल्टा यांनी गोळा केले आणि तो वायू पेट घेतो हे दाखवून दिले. त्या दलदलीत जे घडत होते, तेच ओढ्यात फेकलेल्या खोडांच्या तळाशी घडते. हवा न पोहोचणाऱ्या जागी सूक्ष्मजीव सेल्युलोज आणि साखर यांचे तुकडे करतात, त्यांची आम्ले होतात आणि शेवटी मिथेन, म्हणजे तोच पेटणारा वायू, तयार होतो. बंद टाकीत हीच क्रिया आपल्या हिशेबाने घडवून आणायची असते. या कामात पाणी अडथळा ठरत नाही. ते हवेच असते. शिवाय लाकडाला कठीणपणा देणारे लिग्निन हे द्रव्य केळीच्या खोडात लाकडाच्या मानाने बरेच कमी असते आणि लिग्निन हाच सूक्ष्मजीवांच्या वाटेतील मुख्य अडसर असतो. भट्टीच्या लेखी जो माल निकामी ठरतो, तो टाकीला मानवतो.

किती वायू मिळेल, याचा हिशेब मुद्दाम हात राखून मांडतो, कारण फुगवलेल्या आकड्यांनीच या विषयाचे नुकसान केले आहे. एक टन ताज्या खोडात ७० किलो कोरडा भाग धरू. त्यातील राखेचा अंश वजा जाता ६० किलो सेंद्रिय द्रव्य उरते. किलोमागे २०० लिटर मिथेन धरला तर १२ घनमीटर मिथेन, म्हणजे त्यासोबतचे इतर वायू धरून सुमारे २० घनमीटर बायोगॅस मिळतो. यातील उष्णता साधारण ९ किलो एलपीजीइतकी आहे. इंजिन लावून वीज केली तर ४० युनिटच्या आसपास वीज मिळेल. टनामागे ४० युनिट हा आकडा वीजमंडळाच्या दृष्टीने क्षुल्लक आहे, हे मला मान्य आहे. पण हेक्टरी ६० टनांचा बायोगॅस वर्षावर वाटला तर रोज ३ घनमीटरच्या वर जातो, आणि चार-पाच माणसांच्या घरचा दोन्ही वेळचा स्वयंपाक २ घनमीटरमध्ये होतो. म्हणजे एका हेक्टरची बाग एका घराची चूल वर्षभर पेटती ठेवून वर थोडा वायू पाण्याच्या पंपाला देऊ शकते. ही ऊर्जा जिथे तयार होते तिथेच वापरली तर ती मोठी आहे. दूर नेऊ लागलो की ती वाटेतच संपते.

टाकी चालवणे सोपे आहे, असे मात्र मी म्हणणार नाही. पहिल्या वर्षी मी खोडांचे वीतभर तुकडे करून टाकले. तीन आठवड्यांत टाकीच्या पृष्ठभागावर धाग्यांची जाड साय बसली, इतकी घट्ट की वरून काठी टोचली तर ती उभी राहावी. ढवळण्याच्या दांड्याभोवती दोरखंड वळल्यासारखे धागे गुंडाळले गेले होते. ते कापून काढताना माझ्या लक्षात आले की सगळा खेळ कुट्टीचा आहे. बोटाच्या एका पेराएवढे, म्हणजे दोन-तीन सेंटिमीटरचे, तुकडे केले की धागा आखूड होतो, माल बुडतो आणि सूक्ष्मजीवांना चारी बाजूंनी तोंड घालता येते. कडब्याची कुट्टी करणारे यंत्र त्याला चालते, पण चिकाने पाते लवकर बोथट होते आणि काम झाल्याबरोबर धुतले नाही तर गंजते. दुसरी चूक मी पिकलेल्या केळ्यांची केली. पाहुणे येणार होते आणि वायू जास्त हवा होता, म्हणून बाजारात न गेलेली चार पाट्या पिकलेली केळी एकदम टाकीत ओतली. दोन दिवस वायू उसळला, तिसऱ्या दिवशी टाकीला आंबूस वास सुटला, निळी ज्योत थरथरू लागली आणि पाचव्या दिवशी शेगडी पेटेना. साखरेची आम्ले इतक्या वेगाने झाली होती की मिथेन बनवणाऱ्या जीवांना ती संपवता आली नाहीत आणि टाकी आंबट होऊन बसली. पुढे तीन आठवडे काहीही न घालता, फक्त थोडा चुना आणि शेणकाला देत देत ती मी पूर्वपदावर आणली. तेव्हापासून खोडाच्या कुट्टीबरोबर शेण ठरलेल्या मापाने जाते आणि पिकलेले फळ मूठमूठच जाते. शेणामुळे नत्र मिळते आणि आम्ल झेलण्याची ताकदही येते. नुसत्या खोडात कर्ब पुष्कळ आणि नत्र फार थोडे असते.

टाकीतून बाहेर येणारी स्लरी हे या साऱ्या खटाटोपाचे दुसरे फळ आहे, आणि माझ्या अनुभवात वायूपेक्षा तिचीच किंमत जास्त आहे. वायूत जातो तो कर्ब आणि हायड्रोजन. पालाश, स्फुरद, बहुतेक सगळे नत्र मागे स्लरीत राहते आणि बागेत परत जाते. येथे एक खुलासा करणे मला आवश्यक वाटते. जो शेतकरी खोडांची कुट्टी करून बागेतच आच्छादन करतो, त्याच्याकडे टाकाऊ असे काही नसते, आणि ऊर्जेच्या योजनेसाठी त्याच्या आच्छादनावर कोणी डोळा ठेवू नये. ऊर्जेसाठी माल घ्यायचा तो बांधावरचा, ओढ्यातला, रस्त्याकडेचा. त्या ढिगांतून आजही मिथेन निघतो आहे आणि शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या जवळपास २८ पट तापमान वाढवतो. याच कारणाने गळकी टाकी ही न बांधलेल्या टाकीपेक्षाही वाईट ठरू शकते. सांधे, झडपा आणि नळी यांची तपासणी हा योजनेचा भाग असला पाहिजे.

खोडाखेरीज इतर भागांना वेगळा न्याय लावावा लागेल. पाने खोडाच्या मानाने कमी ओली असतात आणि उन्हात वाळतात. ब्रिटनमधील नॉटिंगहॅम विद्यापीठात २००९ च्या सुमारास केळीच्या साली आणि पाने कुटून, त्यात लाकडाचा भुसा मिसळून, दाबून कांडी-इंधन तयार करण्याची पद्धत विकसित झाली. रवांडासारख्या देशांत, जिथे केळी भरपूर आणि जळाऊ लाकूड दुर्मीळ, तिथे उपयोगी पडावी हा तिचा हेतू होता. तिच्यात सालीचा लगदा चिकटवण्याचे काम करतो आणि वाळवण्याचे काम पुष्कळसे सूर्य करतो, म्हणून तिथे गणित बसते. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड विद्यापीठाच्या संशोधकांनी नाकारलेल्या फळांपासून मिथेन मिळवण्याचे प्रयोग केले आणि २००८ मध्ये ते प्रसिद्ध केले. जिथे प्रतवारीची केंद्रे आहेत तिथे असे फळ एकाच जागी ढिगाने मिळते, त्यामुळे मोठी टाकी आणि वीजनिर्मिती यांना तिथे खरोखर वाव आहे. खोडाच्या बाहेरच्या सोपटांतून आधी धागा काढून घेतला आणि गाभा व चोथा टाकीत घातला, तर धाग्याचे पैसे कुट्टीचा खर्च भागवतात आणि सायही कमी धरते. म्हणून ‘केळीचा कचरा’ असे एकच शीर्षक देऊन सगळ्याला एक दर आणि एक तंत्र लावू नये.

रोगाचा मुद्दा मी कोणत्याही प्रस्तावात पाहिलेला नाही, आणि त्याची मला सर्वांत अधिक चिंता वाटते. पनामा रोग म्हणून ओळखल्या जाणाऱ्या फ्युजारियम मर रोगाची बुरशी मातीत दशकानुदशके जिवंत राहते. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तिने ग्रो मिशेल हा तेव्हाचा प्रमुख निर्यातक्षम वाण व्यापारातून जवळजवळ पुसून टाकला. तिचा ट्रॉपिकल रेस ४ हा प्रकार आजच्या कॅव्हेंडिश वाणालाही मारतो, आणि २०१९ मध्ये तो कोलंबियात आढळल्याचे जाहीर झाले. अशा वेळी गावोगावची खोडे एका केंद्रावर गोळा करायची आणि तिथली स्लरी पुन्हा गावोगावच्या बागांत वाटायची, ही व्यवस्था रोगाला स्वतःच्या हाताने घरोघर पोहोचवू शकते. सुमारे ३५ अंश सेल्सिअसला चालणाऱ्या साध्या टाकीत ही बुरशी मरेलच, याची खात्री धरता येत नाही. मर लागलेल्या बागेतील एकही खोड त्या बागेबाहेर जाता कामा नये, ट्रॉलीची चाके धुतल्याशिवाय ती दुसऱ्या बागेत शिरता कामा नये, आणि ज्या बागेची खोडे त्याच बागेची स्लरी, हा नियम शक्य तिथे पाळला जावा. दुसऱ्या बाजूने, निरोगी बागेतील कापलेली खोडे वेळेवर उचलली गेली तर सोंडकिडीला अंडी घालायला जागा कमी उरते, हा लाभही ध्यानात घ्यावा. लहान, बागेजवळच्या टाक्यांचा माझा आग्रह केवळ वाहतुकीच्या खर्चापोटी नाही.

तेव्हा माझी विनंती अशी आहे. ओल्या जैवभाराला, म्हणजे ऊर्जेसाठी वापरायच्या ओल्या वनस्पतिजन्य मालाला, कोरड्या जैवभाराच्या रांगेत उभे करणे थांबवावे आणि त्याच्यासाठी स्वतंत्र निकष करावेत. अक्षय ऊर्जेचे श्रेय आज मुख्यतः वाहिनीत सोडलेल्या विजेच्या युनिटांवर मोजले जाते. चुलीत जळलेला वायू, पंपाला लागलेला वायू आणि वाचलेले रासायनिक खत हेही त्या हिशेबात आले पाहिजे, नाहीतर लहान टाकी कागदावर सदैव शून्यच दिसेल. अनुदानाचा मोठा हप्ता बांधकाम पूर्ण झाल्यावर न देता, तिसऱ्या वर्षी टाकीतून प्रत्यक्ष वायू येतो आहे हे मीटरवर पाहून द्यावा. बांधून सोडून दिलेल्या आणि गवत उगवलेल्या टाक्या मी इतक्या पाहिल्या आहेत की ‘इतकी संयंत्रे उभारली’ हे वाक्य वाचले की माझे मन खट्टू होते. टाकीपेक्षा आधी कुट्टीयंत्राला मदत द्यावी, कारण शेतकरी अडतो तो तिथेच. तीन महिन्यांतून एकदा कोणीतरी जाणकार माणूस येऊन आम्लता तपासून जाईल, एवढी सोय झाली तरी निम्म्या बंद टाक्या पुन्हा चालू होतील, असे माझे मत आहे.

केळी उत्पादकांच्या संघटनांना वेगळे सांगणे आहे. घड काढणीचे वेळापत्रक संघटनेकडे असते, म्हणून कोणत्या आठवड्यात कोणत्या शिवारात किती खोडे पडणार, हे तुमच्याइतके कोणालाच आधी कळत नाही. कुट्टीयंत्र एकेकट्याने घेण्याचे प्रयोजन नाही. ते चाकांवर बसवून बागेतून बागेत फिरवता येते, मात्र दोन बागांच्या मध्ये ते स्वच्छ धुतले गेले पाहिजे. ओढ्यात खोडे टाकणाऱ्या आपल्याच सभासदाला आपण आजवर कधी हटकलेले नाही. मीही एके काळी टाकत होतो.

धोरणकर्त्यांकडे शेवटी एकच तातडीची मागणी करतो, कारण तिला खर्च नाही आणि तिच्यासाठी नवा कायदाही लागत नाही. केळीच्या टाकाऊ भागांवर आधारित प्रत्येक प्रस्तावाच्या पहिल्या पानावर एक रकाना सक्तीचा करावा: एक टन ओल्या मालात कोरडा भाग किती किलो, आणि तो कोणी, कुठे, कोणत्या महिन्यात वजन करून पाहिला. खोडाचा तुकडा कापायचा, तोलायचा, १०५ अंशांच्या ओव्हनमध्ये वजन स्थिर होईपर्यंत ठेवायचा आणि पुन्हा तोलायचा. कोणत्याही कृषी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत हे काम एक-दोन दिवसांत होते. ज्या प्रस्तावात हा रकाना रिकामा असेल, तो अर्जदाराकडे परत पाठवावा.

आपला विश्वासू,
एक केळी उत्पादक